सुट्टीवरचा सुकाणी

सुजय शिवलकर तेरा वर्षं जहाजावर होता आणि तेरा वर्षांत त्याला एकदाही बोट लागली नव्हती. रत्नागिरीच्या मुरुगवाड्यात त्याची आई हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, जसं काही पोराने दहावीला बोर्डात नंबर काढला होता. भल्याभल्या ऑफिसरांनी बादल्या धरल्या तेव्हा हा म्हणे डेकवर उभा राहून चणे खात होता. तर अशा सुजयला स्वतःच्या घरात, चार पायांवर घट्ट उभ्या असलेल्या सोफ्यावर, रविवारी सकाळी अकरा वाजता बोट लागली. कारण काय, तर टीव्हीवरचा लढाईचा खेळ.

खेळ त्याच्या बायकोने, मृणालीने लावून दिला होता. कंट्रोलर हातात देऊन दोन बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं होतं. सुजयचा सैनिक एका पडक्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला. समोरून कोणी आला की सुजय विचारायचा, "हा आपला की त्यांचा?" उत्तर येईपर्यंत तो मेलेला असायचा. असा सहा वेळा मेला. सातव्या वेळी गरकन मान फिरवून मागे बघायला गेला आणि त्याचा चेहरा कच्च्या कैरीसारखा झाला. कंट्रोलर खाली ठेवून तो मोरीकडे धावला.

मृणालीने लिंबू कापलं, आणि लिंबू कापताना तिला त्याची कीव येण्याऐवजी कुतूहलच जास्त वाटलं. बाईचा स्वभावच तसा. मारुती मंदिराजवळच्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, आणि माणसाला काय दिसतं यापेक्षा त्याला ते तसं का दिसतं, यातच तिचा जीव जास्त रमायचा.

"जहाजावर डोळे सांगतात हललो आणि कानही सांगतात हललो," तिने लिंबू त्याच्या नाकाखाली धरलं. "इथे डोळे म्हणतात धावतोयस, कान म्हणतात बसलायस. दोघांचं भांडण, आणि मार खातं पोट."

"दोघांना सांग, मिटवा म्हणावं," सुजय डोळे मिटून म्हणाला.

आता हा सगळा उपद्व्याप कशासाठी, ते सांगायला हवं. मृणालीला खेळांचं वेड मुंबईला शिकत असताना हॉस्टेलवर लागलं. लग्न होऊन ती रत्नागिरीला आली तेव्हा रुखवताबरोबर गेमचा डबाही आला, आणि मुरुगवाड्यातल्या बायकांनी बरेच दिवस त्याला डीव्हीडी समजून सोडून दिलं. नवरा आठ-आठ महिने समुद्रावर. संध्याकाळी दुकानातून आलं की तासभर ती एकटी खेळायची आणि तिचं बरं चाललं होतं.

बरं चाललं नव्हतं ते फोनचं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम सोळा महिने दोघं एका घरात राहिले होते. उरलेला सगळा संसार फोनवर. पहिल्या वर्षी तो फोन अर्धा अर्धा तास चालायचा. मग दहा मिनिटं. गेल्या खेपेला तर "जेवलीस?", "जेवले. तू?", "झालं. काय विशेष?", "काही नाही. तिकडे?", "काही नाही. पाणीच पाणी," आणि "बरं, ठेवतो." एकदा फोन ठेवल्यावर तिने पडद्यावर बघितलं, तर एक मिनिट चार सेकंद. त्यात जहाजावरून आवाज यायला लागणारा वेळही धरलेला.

भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडणारी माणसं निदान बोलतात तरी. इथे दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, राग कसलाच नव्हता, आणि बोलायला काही म्हणता काही नव्हतं. मृणालीला याची भीती वाटायला लागली होती. घरी आला तरी तो पाहुण्यासारखा वागायचा. ताट उचलून ठेवायचा, विचारलं की हो म्हणायचा, आईचं ऐकायचा, बायकोचं ऐकायचा. म्हणून या सुट्टीत तिने मनाशी पक्कं केलं होतं. तो पुन्हा जायच्या आत दोघांना मिळून करता येईल, नंतर ज्याच्याबद्दल बोलता येईल असं एक तरी काहीतरी सापडायला हवं. मासेमारी तिला जमत नव्हती, क्रिकेट त्याला आवडत नव्हतं. तिच्याकडे होते ते खेळ.

कपाटात छत्तीस खेळ होते. एक तरी लागेल की.

तिने दुकानातलीच पद्धत लावली. पेशंटच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, हे बरं की मघाचं? रोज संध्याकाळी साडेसातला ती घरी आली की चहा व्हायचा, आणि मग एक नवा खेळ.

"हा बरा, की कालचा?"

"दोन्ही बरे," सुजय म्हणायचा.

दोन्ही बरे म्हणणारे पेशंट मृणालीला पाठ होते. ते दोनच प्रकारचे असतात. एक दमलेले, दुसरे भिडस्त. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून चुकीच्या नंबरचा चष्मा घेऊन जातील आणि पायरीवर ठेचकाळतील. तिने खेळ लावणं सोडलं नाही.

गाड्यांच्या शर्यतीत तो शेवटचा आला. शेवटचा म्हणजे असा की बाकीच्यांची बक्षिसं वाटून झाली तरी हा वाटेतच. गाडी त्याला चालवता येत नव्हती म्हणावं तर तेही नाही. हात पक्का होता, वळणं तो अगदी रेष आखल्यासारखी घ्यायचा. पण मध्येच, काही कारण नसताना, वेग कमी करायचा. मृणालीने तिसऱ्या फेरीला नीट लक्ष ठेवलं. उजव्या बाजूने दुसरी गाडी आली की हा थांबत होता.

"थांबतोस काय? जा की पुढे."

"तो उजव्या हाताला आहे."

"मग?"

"मग वाट मी द्यायची ना," सुजय म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून त्याने समजावून सांगितलं. समुद्रात दोन जहाजं आडवी आली की ज्याच्या उजव्या अंगाला दुसरं आहे त्याने बाजूला व्हायचं. जगभर हाच कायदा. हे आता त्याच्या हाताला इतकं बसलं होतं की बाजारात मासे घेतानाही उजवीकडून कोणी आलं की तो मागे सरकायचा, आणि चांगली सुरमई दुसऱ्याच्या पिशवीत जायची.

"आणि मागून येणारा असला तर?"

"त्याचं त्याने बघायचं. मागून येणाऱ्याला घाई असते, त्यानेच वळसा घालून जायचं."

"आणि दोघं समोरासमोर आले तर?"

"दोघांनीही उजवीकडे वळायचं."

मृणालीला शर्यतीचा विसर पडला. तिने अजून पाच-सहा प्रश्न विचारले, त्याने सगळ्यांची उत्तरं दिली, आणि त्यांची गाडी तोवर रस्त्याच्या कडेला गवतात उभी होती. खेळ म्हणून मात्र शर्यत बादच झाली. दुसऱ्या दिवशी तिने शेतीचा लावला. तो लावताच सासूबाई येऊन बसल्या, कोंबडी दिवसाला तीन अंडी देते हे बघून "असली कोंबडी बाजारात मिळत्येय काय बघ रे" म्हणाल्या, आणि सुजय त्यांच्याशी बोलत बसला. तो खेळही बाद.

मग आला स्वयंपाकाचा. दोघांनी मिळून हॉटेल चालवायचं, गिऱ्हाईकं भराभरा येतात, एकाने कापायचं, एकाने शिजवायचं, ताटल्या धुवायच्या. मृणालीला खात्री होती की हा लागणार. सासूबाई निवडणं घेऊन शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मृणाली नवऱ्याला "अहो" म्हणायची, खोलीत "तू". खेळ सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात अहो वाऱ्यावर गेला.

"अरे कांदा काप."

"कांदा काप," सुजय म्हणाला, आणि कांदा कापायला गेला.

"ताटली आण, ताटली."

"ताटली आण."

"सूप करपतंय, सूप उतर."

"सूप उतर. सूप उतरलं."

सूप उतरलं खरं, पण शेजारचं पातेलं पेटलं, कारण त्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. सुजय जळत्या पातेल्याच्या बाजूला हात जोडल्यासारखा उभा. मृणालीचं डोकं फिरलं.

"नक्कल करतोस माझी?" ती म्हणाली. "मी इथे जीव तोडून ओरडतेय आणि तू पोपटासारखा माझंच मला परत ऐकवतोस?"

सुजयने कंट्रोलर खाली ठेवला. चपला घालून समुद्राकडे गेला. सासूबाईंनी घेवड्याची शेंग मोडता मोडता मान वर केली.

"त्याची चूक नाय गो," त्या म्हणाल्या. "मी हाक मारली तरी तो तसंच करतो. गेल्या सुट्टीत म्हटलं, सुजय, माडाचं पाणी सोड. तर म्हणतो, माडाचं पाणी सोड. मना वाटलं, मनाच सांगतोय. मीच जाऊन सोडलं."

मृणाली हसली नाही. ती उठून त्याच्या मागे गेली. पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावर, वाळूत उलटी घालून ठेवलेल्या होडीला टेकून तो बसला होता. ती शेजारी बसली आणि तिने दुकानात विचारते तसं, हळू आवाजात विचारलं, "का परत म्हणतोस?"

सुजयने वाळूत बोटाने एक वर्तुळ काढलं. "मी सुकाणी आहे," तो म्हणाला. "चाक माझ्या हातात असतं, पण बघणारा दुसरा. कॅप्टन नाहीतर ऑफिसर. तो म्हणाला, पोर्ट टेन, म्हणजे डावीकडे दहा अंश, तर आधी मी मोठ्याने म्हणायचं, पोर्ट टेन, सर. मग चाक फिरवायचं. आणि फिरवून झालं की सांगायचं, झालं. मुकाट्याने फिरवलं तर त्याला कळणार कसं, मी ऐकलं की नाही?"

"आणि त्याने चुकीची ऑर्डर दिली असेल तर?"

"तरी परत म्हणायची. म्हणजे त्याचं त्याला ऐकू येतं. पुष्कळदा तेव्हाच कळतं त्याला, चुकलं म्हणून." त्याने वाळूतलं वर्तुळ पुसलं. "तेरा वर्षं झाली. आता तोंडातून आपोआप येतं. नक्कल नाही गं."

मृणालीला स्वतःची लाज वाटली आणि त्याच क्षणी, तिचा स्वभावच तसा म्हटलं ना, एक कल्पना सुचली. जो खेळ एकाने बघायचा आणि दुसऱ्याने चालवायचा असेल, त्यात या माणसाचा हात कोण धरेल?

असा खेळ तिच्याकडे होता. धुक्यातल्या बेटांचा. दोन खेळाडू, एकाच गलबतावर. एक जण डोलकाठीवर, त्याला लॅपटॉपवर बेटं, खडक, वाटा सगळं दिसतं पण हाताशी काही नाही. दुसरा खाली चाकावर, त्याच्या टीव्हीवर नुसतं पांढरं धुकं. एकाने दुसऱ्याला पाठ करून बसायचं. दोन वर्षांपूर्वी तिने तो घेतला होता आणि खेळायला दुसरं माणूस नाही म्हणून उघडलाही नव्हता.

त्याच आठवड्यात मुंबईच्या एजन्सीतून फोन आला. महिनाभराने जायचं होतं, ते अलीकडे आलं. कोणीतरी आजारी पडला होता. नऊ दिवसांनी कोचीला जहाजावर चढायचं. सुजयने फोन ठेवला आणि कपाटावरची बॅग काढून धूळ झटकली. मृणालीने लॅपटॉप टीव्हीला जोडला.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तीन बेटं पार केली. "डावीकडे जरा," असं ती म्हणाली की तो विचारायचा, "जरा म्हणजे किती? पाच, दहा?" दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिला आकड्यांत बोलायची सवय झाली. डावीकडे दहा. डावीकडे दहा, डावीकडे दहा झालं. सरळ. सरळ. खडकांच्या मधून, दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून, ते गलबत असं निघायचं की मृणालीच्या अंगावर काटा यायचा. एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. आता बघत होती. लॅपटॉपवरच्या गलबताचं चाक कसं कमी हलतं, वळण पूर्ण व्हायच्या आधीच तो कसं उलटं चाक देतो, हे बघून तिला अभिमान वाटला, आणि दुकानातल्या दिशाला, म्हणजे तिच्या मदतनिसीला, तिने हे दोनदा सांगितलं. चौथ्या संध्याकाळी ते एकविसाव्या बेटावर होते. खेळाच्या जगभरच्या गुणांच्या यादीत त्यांच्या पुढे कुठल्याशा दूरदेशीची एकच जोडी उरली होती.

सापडला, मृणालीने मनात म्हटलं.

पाचव्या संध्याकाळी तिला चहा दिसला. सुजयच्या शेजारी तिपाईवर, सायीचा थर धरलेला, तसाच. तिने आठवून बघितलं. कालही तसाच होता. परवाही. चहा म्हणजे सुजयचा जीव की प्राण. मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. तो सोफ्यावर टेकून बसत नव्हता, पुढच्या काठावर ताठ बसत होता. साडेआठ वाजले की पाळी संपल्यासारखा, घड्याळ न बघता उठत होता. आणि बेट पार झाल्यावर आनंदाने ओरडत होती ती. तो फक्त "झालं" म्हणत होता.

"चहा का नाही पीत?" तिने विचारलं.

"चाकावर असताना पीत नाहीत."

"सुजय, हा बरा, की मघाचे सगळे?"

"हा बरा."

"खरं सांग. खेळ वाटतो हा तुला, की काम?"

समोर टीव्हीवर धुकं नुसतं हलत होतं.

"काम," तो म्हणाला. मग घाईने पुढे म्हणाला, "पण वाईट नाही. तू ऑर्डर देतेस ना. तुझ्या आवाजात ऐकायला बरं वाटतं. आठ-आठ महिने परक्या माणसाच्या ऑर्डरी ऐकायच्या, त्यापेक्षा ही."

चार दिवस ती उंटावरून शेळ्या हाकत होती आणि त्यालाच दोघांचा खेळ म्हणत होती. माणूस सुट्टीवर आलाय, आणि त्याच्या सुट्टीत आपण त्याला पुन्हा चाकावर उभा केला, तेही मोठ्या हौसेने. तोही उभा राहिला. सांगितलं की ऐकायचं, हे त्याच्या हाडात गेलेलं. समुद्रावर कॅप्टनचं, घरी आईचं, खोलीत तिचं.

उठून ती टीव्हीसमोर आली आणि तिने त्याच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला.

"तू लॅपटॉपवर जा. आज तू वर. मी चाकावर."

"मला नाही जमायचं ते."

"बघायचंच तर आहे. बघ आणि सांग."

सुजय लॅपटॉपपुढे खाली सतरंजीवर जाऊन बसला. मृणाली चाकावर. तिच्यापुढे धुकं. त्याच्या पाठीला तिची पाठ. गलबत निघालं. ती ऑर्डरीची वाट बघत राहिली. ऑर्डर येईना. धाडकन आवाज झाला आणि ते खडकावर आपटलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा आपटलं.

"अरे, सांग ना काहीतरी."

"काय सांगू?"

"कुठे जायचं ते सांग."

"कुठे जायचंय आपल्याला?"

"मला काय विचारतोस? तुला दिसतंय. तू म्हणशील तिकडे."

त्याला हे अवघड जाईल असं मृणालीला वाटलं होतं, पण इतकं जाईल असं नव्हतं वाटलं. तेरा वर्षं जगातली निम्मी बंदरं ज्याने स्वतःच्या हाताने जहाजं नेऊन गाठली, त्याला तुला कुठे जायचंय असं कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्यांदा गलबत निघालं. तो हळूहळू बोलायला लागला. उजवीकडे पाच. आता सरळ. थोडं अजून सरळ. बेट आलं, तिथे धक्का होता, धक्क्याला लागलं की बेट पार आणि पुढचं उघडणार. मृणालीला हे माहीत होतं. ती धक्क्याकडे वळायच्या ऑर्डरीची वाट बघत होती.

"थांबव," सुजय म्हणाला.

"काय?"

"इंजिन बंद कर. इथेच थांबव."

"गलबताला इंजिन नसतं."

"मग शिडं उतरव. पण थांबव."

तिने शिडं उतरवली. गलबत धुक्यात डुलत उभं राहिलं. तिच्या पडद्यावर दिसण्यासारखं काही नव्हतं, फक्त डावीकडे धुकं मधूनच जरासं उजळत होतं आणि विझत होतं.

"का थांबवलंस? काय आहे तिथे?"

"दिवा आहे. दीपगृह. टेकडीवर."

"खडक आहे का खाली?"

"नाही. काही धोका नाही. नुसता दिवा आहे." ती वळून बघणार होती, पण का कोण जाणे, वळली नाही. पाठीला त्याची पाठ लागलेली होती, तेवढी राहू दिली.

"गेल्या जानेवारीत आम्ही कांडल्याहून कोचीला निघालो होतो," सुजय म्हणाला. "चार ते आठची माझी पाळी. त्या बाजूला मच्छीमारांच्या बोटी फार, म्हणून यंत्रावर न सोडता हातानेच चाक धरायचं. धरलं होतं. आणि डावीकडे दिवा दिसला. दर दिव्याची उघडमीट वेगळी असते. मी ओळखला. आपला होता."

"आपला म्हणजे?"

"किल्ल्यावरचा. रत्नागिरीचा. सतरा-अठरा मैल असेल. दिवा दिसला की सांगायचा असतो, म्हणून मी सांगितलं. पोर्ट साइडला दिवा आहे, सर. ऑफिसर बिहारचा, त्याला काय ठाऊक. तो म्हणाला, ओके."

"मग?"

"मग काय. ओके. चाक सरळ धरून उभा राहिलो. पाऊण तास दिसला. चाक माझ्याच हातात होतं मृणाली, आणि मला ते बोटभरही फिरवता येत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं, पाच मिनिटं थांबूया. काही नको, नुसतं थांबूया."

मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. विचारलं.

"मला सांगितलं का नाहीस? दुसऱ्या दिवशी फोन केला असशील की."

"केला. तू म्हणालीस, काय विशेष. आता त्याला विशेष म्हणायचं का, मला कळलं नाही. काही झालंच नव्हतं ना. दिवा दिसला, गेला."

"किती वाजता दिसला?"

"पाचला. पाच-सव्वापाचला. म्हटलं, तू झोपली असशील."

मृणालीने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"आपल्या नळाला पाणी पाचला येतं," ती म्हणाली. "तू असलास की आई भरतात, तुझी झोप मोडू नये म्हणून. म्हणून तुला माहीत नाही. तू नसलास की मी भरते. मी जागी होते सुजय. मागच्या पडवीत होते. दिव्याचा झोत आपल्या माडांवरून फिरत होता आणि मी हंड्यापाशी उभी होते."

पाठीमागची पाठ सरकली. सुजय वळून बसला होता. तीही वळली. त्याचे डोळे भरले होते, आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"जागी होतीस?"

"रोज असते."

"म्हणजे मी बघत होतो, तेव्हा तू त्याच्याखालीच उभी होतीस?"

"होते."

"काय करत होतीस? म्हणजे, हंडा भरेपर्यंत काय करतेस तू?"

चार वर्षांत त्याने तिला असा प्रश्न विचारला नव्हता. मृणालीने सांगितलं. पाण्याला जोर नसतो, एक हंडा भरायला सहा मिनिटं लागतात. थंडी असली तर ती त्याचं जुनं स्वेटर घालते, कोपरावर विरलेलं. मांजर येऊन पायात बसतं. कधी कधी ती त्या सहा मिनिटांत आदल्या दिवशीच्या खेळात आपण कुठे चुकलो ते आठवते, आणि कधी कधी काहीच नाही.

"कुठलं मांजर?" सुजयने विचारलं. "आपल्याकडे मांजर कुठे आहे?"

"आहे. दीड वर्ष झालं. तू आलास की ते येत नाही, नवा माणूस म्हणून घाबरतं."

"रंग कुठला?"

"करडा. एक कान फाटका."

"आणि स्वेटर कुठलं, निळं?"

"निळं."

त्याने अजून विचारलं, तिने अजून सांगितलं. पाण्यानंतर काय, दुकानात पहिला पेशंट कोण, दिशा तिच्याशी का भांडते, ती एकटी खेळते तेव्हा जिंकल्यावर कोणाला सांगते. कोणालाच नाही, ती म्हणाली. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी पानं वाढल्याचं दोनदा सांगितलं आणि दोघांपैकी कोणीही ते परत म्हटलं नाही. टीव्हीवर शिडं उतरवलेलं गलबत तसंच उभं होतं. त्या दूरदेशीच्या जोडीने तोवर अजून दोन बेटं पार केली होती.

"चारच दिवस उरले," मृणाली म्हणाली. "चार दिवसांत चार वर्षांचं सांगून होणार आहे का?"

"नाही होणार," सुजयने तिपाईवरचा गार चहा उचलला आणि साय बाजूला करून प्यायला. "राहील ते फोनवर सांग. मी विचारीन."